पळसदेवचे पाहुणे आणि छायाचित्राची साक्ष

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें व जुनें पळसदेव जलाशयांत गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे पळसनाथाचें प्राचीन मंदिर पुन्हां दृष्टीस पडतें. याच जलाशयाच्या उथळ कांठांवर हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालयापलीकडून पट्टकदंब हंस येतात. त्यांना पाहावयास येणाऱ्या बहुतेकांजवळ आज कॅमेरा असतो. त्या छायाचित्रांचा शास्त्रास उपयोग काय?

प्राणी मोजणें आणि प्राणी ओळखणें या दोन भिन्न गोष्टी होत. यंदा हजार पक्षी दिसले, एवढ्यावरून गतवर्षींचे किती जगले हें कळत नाहीं. हंपबॅक देवमाशाच्या बाबतींत निसर्गानेंच ओळखीची सोय केली आहे. बुडी मारतांना तो शेपटी वर काढतो; तिच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे डाग प्रत्येकाचे निराळे असतात. अशीं चित्रें जुळवून ओमानच्या किनाऱ्यालगत हे देवमासे सुमारें ८० असावेत, असा अंदाज २०११ सालीं प्रसिद्ध झाला. २०१५ पासून 'हॅपीव्हेल' हा उपक्रम सामान्य प्रवाशांनीं काढलेलीं चित्रेंही जुळवूं लागला.

रोहितास किंवा हंसास दुरून सहज वाचतां येईल असा ठसा नसतो. म्हणून शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पायांत कडीं अडकवितात. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हें कार्य १९२७ सालीं आरंभिलें. धातूच्या कड्यावरील बारीक अंक वाचावयास पक्षी बहुधा पुन्हां हातीं लागावा लागे. रंगीत कड्यांवरील, किंवा मंगोलियांत हंसांच्या गळ्यांत घातलेल्या पट्ट्यांवरील मोठीं अक्षरें छायाचित्रांत वाचतां येतात. चित्रासोबत दिनांक, स्थळ, कड्याचा रंग व तें कोणत्या पायांत आहे हें कळविलें, तर एका पक्ष्याचा प्रवास उलगडतो. कडें नसलें तरी नोंद वाया जात नाहीं. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारें ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटि नोंदींवर आधारलेला आहे.

परंतु चित्राच्या लोभानें नाव थव्यांत घातली, तर ज्याचें रक्षण करावयाचें त्यालाच उपद्रव होतो. रोहित मान खालीं घालून, चोच उलटी धरून, चिखलपाणी गाळून अन्न वेचतो. थवा उडाला कीं खाणें थांबतें व उडण्यांत शक्ति खर्च होते. म्हणून पक्ष्यांनीं सावध होऊन माना वर करतांच नावाड्यानें नाव थांबवावी आणि प्रवाशानें त्यास पुढें जाण्याचा आग्रह करूं नये. उधळलेल्या थव्याचें चित्र शोभिवंत दिसेल. पण पायांतील कडें वाचावयाचें, तर पक्षी स्वस्थ उभा असावा लागतो.