क्षमा कोणी करावयाची?

लोकप्रतिनिधीच्या तोंडून अनुचित शब्द निघाल्यास मतदाराने क्षमा करावी काय, हा प्रश्न अवर्षण ठाऊक असलेल्या नायगावलाही परका नाही.

एप्रिल २०१३ मध्ये, ऐन दुष्काळात, तत्कालीन उपमुख्यमंत्री श्री. अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील सभेत, उजनीच्या पाण्यासाठी उपोषणास बसलेल्या सोलापूरकडील शेतकऱ्याची थट्टा केली. धरणात पाणीच नसेल तर लघवी करून ते भरावयाचे काय, असा त्या उद्गारांचा आशय होता. पुढे त्यांनी क्षमा मागितली; १४ एप्रिलला कराड येथे यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर उपोषणही केले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत बारामतीकरांनी त्यांस पुन्हा निवडून दिले.

श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शब्द लागला तो सोलापूरकडील तहानलेल्या शेतकऱ्यास. मते दिली ती बारामतीने. दुखावलेल्याच्या वतीने तिऱ्हाइताने क्षमा करणे सोपे असते. पुढाऱ्याने स्वतःविषयी काढलेला हास्यास्पद उद्गार हसून सोडावा. परंतु दुर्बलाच्या दुःखाची थट्टा झाली, तर पश्चात्तापाचे शब्द न मोजता पुढील कृती मोजावी. तहानलेल्या गावी पाणी पोचले काय, हे पाहून मतदाराने मत द्यावे. क्षमेचा अधिकार मात्र ज्याला शब्द लागला, त्याचाच.