एकाच छपराखालच्या दोन प्रती

26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रं ज्यात ठेवत, त्या जी-ड्राइव्हमधली 858 टेराबाइट माहिती त्यात जळाली. बाहेर तिची प्रत नव्हती, कारण साठा फार मोठा, त्याची प्रत ठेवणं जमणार नाही, असं तिथले अधिकारी धरून चालले होते. बातमी वाचून मला राग आला तो कोरियाचा नाही. 'एवढ्याची कॉपी ठेवायची कुठे?' हा प्रश्न मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर द्यायची ताकद संपली होती. आता देतो.

आपल्याकडच्या मोठ्या संगणकांचा इतिहास थोडक्यात आटपतो. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था, 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम 8000, 2024 मध्ये परम रुद्र. अभिमानाची गोष्ट आहे, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यातलं एकच हवं आहे. शेकडो यंत्रं जोडून क्लस्टर केला की त्यातलं एखादं यंत्र, म्हणजे नोड, कुठल्याही दिवशी बंद पडणारच. गूगलच्या लोकांनी आपल्या फाइल प्रणालीवरच्या 2003 च्या निबंधात हे सरळ लिहिलं: बिघाड हा अपवाद नाही, नित्याचाच आहे. म्हणून माहितीच्या तीन प्रती, आणि त्यातली निदान एक वेगळ्या रॅकमध्ये. माहिती अनेक यंत्रांवर साठवणाऱ्या हडूप या प्रणालीनेही पुढे हाच रिवाज ठेवला.

आमच्याकडे त्या वेळी काय होतं? भारनियमन. 2005 पासून पुढची सात-आठ वर्षं. मी तेव्हा दोन्ही तालुक्यांतल्या लहान संस्थांचे संगणक सांभाळत होतो. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, सगळीकडे लाईट जाण्याची वेळ ठरलेली आणि येण्याची बेभरवशाची. इन्व्हर्टरची बॅटरी पुरती भरायच्या आत पुन्हा काळोख. यंत्र बिघडून बंद पडण्याआधी विजेमुळेच बंद पडायचं, आणि तेही नोंद अर्धी लिहून झालेली असताना.

या अर्ध्या नोंदीची भीती बाहेरच्या माणसाला कळत नाही. हार्ड डिस्क 'लिहिलं' म्हणून कळवते, तेव्हा आकडा पुष्कळदा तिच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो. वीज गेली की तो गेला. यावरचा उपाय पतसंस्थेच्या जुन्या कारकुनाला ठाऊक होता: आधी कीर्द, मग खतावणी. चांगला डेटाबेस तेच करतो. बदल आधी नोंदवहीत उतरवतो, ती डिस्कवर पक्की झाल्याची खात्री करतो आणि मगच मूळ जागी हात लावतो. मध्येच बंद पडला, तर उठल्यावर ती वही वाचून अर्धं काम पुरं करतो नाहीतर पुसून टाकतो.

एका संस्थेने पैसे साठवून दोन सर्व्हर घेतले होते, एकमेकांची नक्कल ठेवणारे. विक्रेत्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आता चिंता नाही. दोन्ही एकाच यूपीएसवर, एकाच कौलारू खोलीत. पावसाळ्यात मधली जोडणी तुटली. प्रत्येकाने दुसरा मेला असं समजून स्वतःच्या हिशेबाने नोंदी घ्यायला सुरुवात केली. मग बॅटरी संपली आणि दोन्ही एकदम गेले. सकाळी दोन यंत्रं, दोन वेगवेगळ्या शिलका, आणि खरी कोणती हे सांगायला तिसरा कोणी नाही. कोरम म्हणतात तो यासाठीच असतो: तिघांत दोघांचं जुळेल ते खरं, आणि एकट्या पडलेल्याने लिहिणं थांबवायचं. संस्थेची लाज राखली ती कागदी कीर्दीने. बॅकअपच्या सीडी त्याच खोलीच्या कपाटात ओल येऊन पडल्या होत्या. त्या कधी कोणी उघडून पाहिल्याच नव्हत्या. विक्रेता पुन्हा फिरकला नाही. त्याच्या माणसांनी त्याच जोड्या पुढेही विकल्या, याचा विसर मला पडलेला नाही.

पण कागदही जळतो. 21 जून 2012 ला मंत्रालय जळालं. पाच माणसं गेली, फायलींचे मजले गेले. त्यानंतर सगळं संगणकात घालण्याची घाई झाली, आणि ती योग्यच होती. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला. तलाठ्याच्या मागे फिरणं कमी झालं, मुरबाडच्या शेतकऱ्याचा एसटीचा हेलपाटा वाचला. हे मी मनापासून मानतो.

पण हातची सोय गेली, तिचं दुःखही आहे. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात सातबारा, तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी दप्तरं, भूमी अभिलेखकडे मोजणीचे नकाशे. एक जागा भिजली तरी दुसरीकडून खातं पुन्हा उभं करता यायचं. आज आमच्या गावात वाचता येईल अशी चालू प्रत नाही. रस्ता खणताना केबल तुटली किंवा कुठल्या केंद्रात गडबड झाली की खिडकीवरून 'सर्व्हर डाऊन' एवढंच कळतं. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनात शहापूरच्या किती घरांचं भवितव्य त्या एका उताऱ्यावर टेकलं होतं! त्यांना कोणीच सांगितलं नाही की प्रती किती, कुठे, आणि त्यांवरून माहिती पुन्हा उभी करून शेवटचं कधी पाहिलं.

2017 मध्ये चावडी वाचन झालं होतं. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचला, चुका लोकांनी धरल्या. तेच पुन्हा हवं, एका फरकाने. दरवर्षी मृगाच्या आधी एका तालुक्याची माहिती दूरच्या प्रतीवरून कोऱ्या यंत्रावर उभी करावी, मूळ सर्व्हरला हात न लावता. मग त्या यंत्रातून निघालेला सातबारा चावडीवर वाचावा. सुरुवात मुरबाडपासून करा. खुर्च्या मांडायला आम्ही येतो.