दोन दिवसांत सांधेदुखी पळवणारी गोळी: संधिवातात स्टेरॉईड कधी कामाचं, कधी धोक्याचं?

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात मेयो क्लिनिकमध्ये २९ वर्षांची एक बाई ॲडमिट होती. चारेक वर्षांच्या संधिवाताने तिचे सांधे पार धरले होते, चालणं मुश्किल झालं होतं. २१ सप्टेंबरला डॉ. फिलिप हेंच यांच्या टीमने तिला एका नव्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली, रोज १०० मिलिग्रॅम. दोन-तीन दिवसांत आखडलेपणा कमी झाला. आठवड्याभरात ही बाई हॉस्पिटलबाहेर पडून तीन तास बाजारात खरेदी करून आली.

त्या औषधाचं नाव कॉर्टिझोन. पुढच्या दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउश राइकश्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण सुरुवातीच्या या पेशंटनीच डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी दाखवून दिल्या. औषध थांबवलं की दुखणं परत येतं. आणि चालू ठेवलं की वेगळेच त्रास सुरू होतात. पंचाहत्तर वर्षं उलटली, औषधाची नावं बदलली, तरी पेच तोच आहे. "त्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि आई दुसऱ्या दिवशी चालायला लागली," असं नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी लिहितं, तेव्हा ती गोळी बहुतेकदा याच कुळातली असू शकते.

कुठला संधिवात?

आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट 'वात' म्हणतात. पण वयानुसार गुडघे झिजणं वेगळं आणि रुमेटॉईड आर्थरायटिस, म्हणजे ज्याला बोलताना 'आरए' किंवा आमवात म्हणतात, तो वेगळा. आरएमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. बोटं, मनगटं, पावलं सुजतात, बहुतेकदा दोन्ही बाजूंची. सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास मूठ वळत नाही, कणीक मळायला जमत नाही. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, आणि म्हातारपणाची वाटही बघत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात.

झिजलेल्या गुडघ्यांवर स्टेरॉईडच्या गोळ्या हा नेहमीचा उपचार नाही. आरएमध्ये मात्र त्यांना जागा आहे, फक्त ती किती मोठी, यावरच सगळं अडतं.

स्टेरॉईड म्हणजे जिमवालं?

नाही. जिममध्ये दंड फुगवायला घेतात ते वेगळं. इथे विषय कॉर्टिकोस्टेरॉईडचा आहे. किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात, ही औषधं त्याचीच भावंडं. प्रेडनिसोलोन, मिथाइल प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन ही त्यांची नावं. घरातल्या डब्यात वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, मेड्रॉल किंवा बेटनेसॉल अशी पट्टी असेल, तर ते स्टेरॉईडच आहे.

हे औषध पेशीच्या आत शिरून सूज पेटवणाऱ्या रसायनांचं उत्पादनच कमी करतं. म्हणून आराम झटपट मिळतो. साधी पेनकिलर इथे कुठेच टिकत नाही.

आपलं शरीर दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, त्याची ताकद साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. मेयो क्लिनिकमधल्या त्या बाईचा १०० मिलिग्रॅम कॉर्टिझोनचा डोस आजच्या हिशेबाने २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन होतो. आरएमध्ये आज कमी डोस म्हणतात तो ७.५ मिलिग्रॅमपर्यंतचा.

मग डॉक्टर देतातच कशाला?

कारण आरएची मुख्य औषधं सावकाश चढतात. मेथोट्रेक्सेट हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. (ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे वार ठरवून कॅलेंडरवर खूण केलेली बरी.) तोवर पेशंटने कळा सोसत बसायचं का? तर या मधल्या काळात पूल म्हणून कमी डोसचं स्टेरॉईड देतात. मेथोट्रेक्सेटने पकड घेतली की स्टेरॉईड हळूहळू काढून टाकायचं.

यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या शिफारशींत शक्यतो हा पूलही टाळा, आणि तीन महिने किंवा त्याहून जास्त तर देऊच नका, असा सूर लावला. युरोपातल्या संघटनेने २०२२ मध्ये थोडक्या काळासाठी विचार करा, पण जमेल तितक्या लवकर थांबवा, असं सांगितलं. त्याच वर्षी ग्लोरिया नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ६५ वर्षांवरच्या ४५१ पेशंटना दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली होती. स्टेरॉईडवाल्यांचा आजार जास्त आटोक्यात राहिला, सांध्यांचं नुकसानही कमी झालं. पण दुष्परिणाम झालेल्यांचं प्रमाण ६० टक्के निघालं, दुसऱ्या गटात ते ४९ टक्के होतं. फरक बराचसा इन्फेक्शनमुळे पडला आणि बहुतेक त्रास सौम्य ते मध्यम होते.

म्हणजे स्टेरॉईड हे विष नाही. पण इतक्या कमी डोसलाही हिशेब द्यावाच लागतो, मग 'बरं वाटतं म्हणून' वर्षानुवर्षं मोठा डोस घेणाऱ्यांचं काय होत असेल?

शरीरात काय काय बिघडतं?

आधी दिसतं ते आरशात. चेहरा गोल होतो, भूक वाढते, पोट सुटतं, मानेमागे चरबी जमते. नातेवाईक म्हणतात, तब्येत सुधारली! कातडी पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं पडतं. झोप उडते, चिडचिड वाढते.

न दिसणारं नुकसान जास्त महागात पडतं. हाडं ठिसूळ व्हायला पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वेगाने सुरुवात होते. आरएमुळे हाडं आधीच कमजोर झालेली असतात, त्यात पाळी गेलेल्या बायकांना धोका आणखी जास्त असतो. म्हणून काही महिने स्टेरॉईड चालणार असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी याबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. शुगर आणि बीपी वाढतं, मोतीबिंदू लवकर येतो, काचबिंदूही होऊ शकतो. सोबत पेनकिलर चालू असेल तर पोटात अल्सरची भीती.

आणि इन्फेक्शन. स्टेरॉईड सांध्यावरचा हल्ला थोपवतं, तसं जंतूंविरुद्धची फौजही ढिली पाडतं. नागीण उठते, शरीरात दबून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोरोनातून वाचलेल्या कित्येकांना 'काळी बुरशी' झाली, तेव्हा हाताबाहेर गेलेली शुगर आणि स्टेरॉईडचा अतिवापर ही दोन मोठी कारणं पुढे आली होती. तेच स्टेरॉईड ऑक्सिजनवरच्या पेशंटचा जीव वाचवतही होतं, हेही खरं.

त्याच सुमारास मुंबईतल्या डॉक्टरांनी कोरोनानंतर खुब्याचं हाड मृत होण्याच्या केसेस नोंदवल्या. स्टेरॉईडमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आरएच्या पेशंटला जांघेत नवीन दुखायला लागलं, तर तो 'वात वाढलाय' असं समजून आणखी स्टेरॉईड घेतो. तिथे एमआरआय लागतो.

मग आजपासून बंद?

एवढं वाचून गोळ्या कचऱ्यात टाकणं ही सगळ्यात घातक चूक ठरेल. बाहेरून आयतं स्टेरॉईड मिळायला लागलं की ॲड्रिनल ग्रंथी काम थांबवतात. साधारण तीन आठवड्यांहून जास्त काळ गोळी चालली असेल, तर या ग्रंथी झोपलेल्या असू शकतात. आणि जागं व्हायला त्यांना कधी आठवडे लागतात, कधी महिने. गोळी एकदम थांबवली तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर, बीपी आणि शुगर कोसळणं असा प्रकार होतो. उपचार मिळाले नाहीत तर पेशंट दगावू शकतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात, शेवटच्या पायऱ्या तर फारच सावकाश.

याच कारणाने ऑपरेशन किंवा मोठा ताप असेल तेव्हा 'स्टेरॉईड चालू आहे' हे नव्या डॉक्टरला आधी सांगायचं. अशा वेळी डोस कमी नव्हे, तात्पुरता वाढवावा लागू शकतो. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर घरी थांबायचं नाही. एरवी गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतात, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच जास्त असतं.

आणि ती बिननावाची पुडी?

आरएचे कित्येक पेशंट संधिवाततज्ज्ञापर्यंत पोहोचतात ते आधी कुठलं तरी चूर्ण, काळ्या गोळ्या किंवा 'शंभर टक्के हर्बल' पुडी घेऊन. अशा औषधांत गुपचूप स्टेरॉईड मिसळल्याचं तपासण्यांमध्ये वेळोवेळी आढळलं आहे. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत गायब, चेहरा गोल, भूक जोरात आणि पुडी चुकली की अंथरुणातून उठवत नाही, ही लक्षणं जुळत असतील तर संशय घ्यायला जागा आहे. पट्टीवर नाव असतं तेव्हा डॉक्टर डोस मोजून उतरवू शकतात. पुडीत किती आहे, कुणालाच माहीत नसतं.

घरात कुणी महिनोन्‌महिने अशी पुडी घेत असेल, तर ती हिसकावून फेकून देऊ नका. उरलेल्या पुड्या आणि कधीपासून, दिवसाला किती घेतल्या याची चिठ्ठी घेऊन पेशंटला संधिवाततज्ज्ञाकडे किंवा फिजिशियनकडे न्या. सकाळची कॉर्टिसॉलची रक्ततपासणी केली की ग्रंथी कितपत झोपल्या आहेत, याचा अंदाज येतो.