टॉवेलाची गरम दांडी

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या चिखलोलीत पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही. सकाळी गॅलरीतल्या दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी हाताला तसाच ओलसर लागतो आणि दोन-तीन दिवसांत त्याला कुबट वास येऊ लागतो. जुन्या कौलारू घरांत यावर उपाय होता. चुलीच्या उबेत, आढ्याखाली उंच दांडी बांधलेली असे आणि काठीने कपडे तिच्यावर चढवले जात. आता चूल गेली, आढं गेलं. चिखलोलीत नव्या रेल्वे स्थानकाचं काम निघाल्यापासून आसपास इमारतीही भराभर उभ्या राहताहेत. त्यांच्या बाथरूममध्ये दांडीच्या जागी स्टीलचा रॉड आला. ज्या देशांत थंडी कडाक्याची असते तिथे हाच रॉड आतून तापलेला असतो. वरवर तो साधा दिसतो, पण त्याच्यावर ताबा ठेवणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे.

ही ऊब येते सेंट्रल हीटिंगमधून, म्हणजे घरभर फिरणाऱ्या गरम पाण्यातून. इथल्या एमआयडीसीत काम केलेल्यांना बॉयलर नवा नाही. कारखान्यात त्यातून सहसा वाफ निघते, घरात गरम पाणी. पंप ते पाइपांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत नेतो, ते उष्णता देतं आणि गार होऊन बॉयलरकडे परत येतं. पाणी तेच, फेरी बंद. टॉवेलाची दांडी याच फेरीतला एक छोटा रेडिएटर असते: दोन उभ्या नळ्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या आणि खाली दोन व्हॉल्व्ह. एक हाताने फिरवायचा. दुसऱ्याला टोपण असतं आणि तो पान्यानेच फिरतो. हा दुसरा व्हॉल्व्ह प्लंबर एकदा नेमका बसवून ठेवतो. तो सताड उघडा राहिला तर बॉयलरच्या जवळची दांडी जास्तीचं पाणी ओढते आणि लांबच्या खोल्या गार राहतात.

खरी अडचण अशी की खोलीची आणि टॉवेलाची गरज एक नाही. खोलीला ऊब हिवाळ्यातच लागते, टॉवेलाला ती बारा महिने लागते. खोलीला ठरावीक तापमान हवं असतं. टॉवेलाला आंघोळीनंतरचे दोन-तीन तास मिळाले की पुरे. दोघांना एकाच दोरीला बांधलं की एकाची आबाळ होणारच.

लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने हेच गाऱ्हाणं सांगितलं. "दादा, जूनमध्ये बाहेर ऊन नसतं, टॉवेल ओला. हीटिंग लावावं तर आख्खं घर तापतं!" तिच्या घरात चूक कुणाचीच नव्हती. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत बॉयलर एका टाकीतलं आंघोळीचं पाणी तापवी आणि अनेक ठिकाणी दांडी त्या टाकीच्या लाइनवर जोडलेली असे. त्यामुळे उन्हाळ्यात रेडिएटर बंद असले तरी पाणी तापलं की टॉवेलही वाळे. पुढे नळ उघडताच पाणी तापवणारे कॉम्बी बॉयलर आले, टाकी गेली आणि तिच्याबरोबर ती लाइनही गेली. दांडी रेडिएटरच्या फेरीवर आली आणि हिवाळ्यापुरती उरली. रशियात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी याच्या उलट पाहिलं असेल. तिथल्या जुन्या इमारतींत बाथरूममधली नागमोडी नळी बहुधा गरम पाण्याच्या फिरत्या लाइनवर असते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ती तापलेली असते. ती गार पडते ती वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी गरम पाणी बंद ठेवतात तेव्हा. म्हणून माझं मत असं की दांडीचं पहिलं नियंत्रण बटणात नसतं. ती कोणत्या लाइनवर जोडली, यातच निम्मा निकाल लागतो.

उरलेला निम्मा व्हॉल्व्हच्या हाती. खोलीच्या उबेनुसार आपोआप उघडझाप करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी 1943 मध्ये घडवला. त्याच्या डोक्यात मेण, द्रव किंवा वायू भरलेला असतो. खोली तापली की तो फुगतो, खीळ दाबतो आणि पाणी अडतं. विजेशिवाय चालणारी ही युक्ती मला आजही थक्क करते. बेडरूममध्ये ती उत्तम, टॉवेलाच्या दांडीवर मात्र अनेकदा फसते. टॉवेल खाली लोंबला की व्हॉल्व्हचं डोकं त्याच्याखाली झाकलं जातं, त्याला खोली तापल्यासारखी वाटते आणि टॉवेल ओला असतानाच पाणी बंद होतं. शिवाय घरातले सगळे व्हॉल्व्ह एकदम मिटले तर पंपाने ढकललेलं पाणी जाणार कुठे? त्यासाठी एक वाट मोकळी ठेवावी लागते. कित्येक वर्षं प्लंबरांनी ती वाट म्हणून बाथरूमची दांडीच वापरली. आता दाब वाढला की आपोआप उघडणारा बायपास व्हॉल्व्ह हे काम करतो. जुन्या घरात मात्र दांडीवर नवा व्हॉल्व्ह चढवण्याआधी ही वाट तपासलीच पाहिजे.

बहिणीच्या प्लंबरने दांडीच्या तळाशी विजेचा एलिमेंट बसवला. हिवाळ्यात बॉयलरचं पाणी, उन्हाळ्यात वीज. यात एक गोष्ट जिवावरची आहे. विजेवर चालवताना एकच व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसरा उघडाच ठेवायचा. पाणी तापलं की फुगतं. दोन्ही वाटा बंद असतील तर दांडीत दाब कोंडतो. एक वाट उघडी असली की फुगलेलं पाणी फेरीतल्या प्रसरण टाकीपर्यंत पोचतं. एलिमेंटला तिने टायमर लावला आहे आणि तो आंघोळीच्या वेळेला धरून चालतो.

यात नवी भर पडली आहे कमी तापमानाची. इंग्लंडमध्ये 2022 पासून नव्याने बसणारी हीटिंग यंत्रणा शक्यतो 55 अंशांपेक्षा जास्त गरम पाणी न पाठवता चालेल अशी आखावी लागते. इंधन वाचतं, हे चांगलंच. पण 75 अंशांच्या पाण्यावर झरझर टॉवेल वाळवणारी दांडी 50 अंशांवर निम्मीच उष्णता देते. म्हणजे तिथेही ती मोठी घ्यावी लागणार किंवा विजेची जोड द्यावी लागणार.

आता आपल्याकडे. चिखलोलीला सेंट्रल हीटिंग नको, कधी लागणारही नाही. गच्चीवरच्या सोलरच्या गरम पाण्यावर दांडी चालवण्याचा विचार सुचतो, पण ज्या महिन्यांत टॉवेल वाळत नाही त्याच महिन्यांत सोलरचं पाणी कोमट येतं. तेव्हा उरते वीज. हिशोब सोपा आहे. ओल्या टॉवेलात पाव लिटर पाणी धरलं तर ते उडवायला युनिटच्या सहाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा लागते. थोडी उष्णता वाया जाणार, म्हणून 100 वॅटची दांडी रोज तीन तास चालवली तर महिन्याला 9 युनिट होतात. दिवसभर चालू ठेवली तर तीच 72 युनिट खाते आणि टॉवेल काही जास्त वाळत नाही. म्हणून इथे थर्मोस्टॅटपेक्षा टायमर मोलाचा. टॉवेल घडी न घालता एकेरी पसरावा आणि एक्झॉस्ट पंखा लावावा. नाहीतर उडालेलं पाणी भिंतीवर बसतं आणि बुरशी धरते.

चिखलोलीत नवीन घर घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. फरशा बसण्याआधीच बाथरूममध्ये, शॉवरचं पाणी उडणार नाही अशा भिंतीवर, दांडीसाठी अर्थिंगसह विजेचा पॉइंट काढून घ्या. त्याचं बटण बाथरूमच्या बाहेर ठेवा आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या.