पाय मोजा, मग पंप उचला

शेतकरी बंधूंनो, २०२२ चा खरीप आठवतो ना? लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीन नुकतं उगवून वर आलं होतं. सकाळी रानात जाऊन बघावं तर तासंच्या तासं मोकळी आणि बांधाकडेला शंखी गोगलगायी! कित्येकांनी दुकान गाठलं, मिळेल ते कीटकनाशक आणून फवारलं. गोगलगायींना काही झालं नाही. पुढे पंचनामे झाले, दुबार पेरणीचा खर्च मात्र बोकांडी बसला.

अशा वेळी दोष नेहमी औषधाचाच असतो असे नाही. गोगलगाय हा मुळी कीटकच नव्हे.

शाळेत आपण प्राण्यांचे दोन मोठे गट शिकलो. पाठीचा कणा असलेले आणि नसलेले. कणा असलेल्यांत मासे, बेडूक, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन हे येतात. ते सहज ओळखू येतात. (वटवाघूळ उडते, पण पिलाला दूध पाजते, म्हणून ते पक्षी नव्हे.) परंतु जगातल्या प्राण्यांच्या शंभर जातींपैकी पंच्याण्णवहून अधिक बिनकण्याच्या आहेत आणि पिकाचा बराचसा हिशेब याच मंडळींच्या हातात आहे.

गोगलगाय ही मृदुकाय गटातली, नदीतल्या शिंपल्याची भाऊबंद. अंग मऊ, हाड नाही, चाल पोटाखालच्या मांसल पायावर. अंगातली ओल गेली की ती संपली. म्हणून दिवसा दगडाखाली, गवतात दडते आणि रात्री पिकावर येते. शिवाय शंखी गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, तीही जमिनीत, पुंजक्याने. तेव्हा पहिल्या पावसात वर आलेली गोगलगाय अंडी घालण्याआधीच उचलली पाहिजे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेला टाका. सकाळी हातमोजे घालून त्याखालच्या गोगलगायी गोळा करा, मिठाच्या पाण्यात बुडवा आणि खड्ड्यात पुरा. हे एकट्याने करून भागत नाही, शेजाऱ्याच्या बांधावरून त्या पुन्हा येतात. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या वापरायच्या तर कुत्री, जनावरं, कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नका. त्यांनाही ते विषच आहे.

आता पायांचं बघू. सहा पाय आणि डोके, छाती, पोट असे तीन भाग दिसले की तो कीटक. मावा, तुडतुडे यातले. अळीही कीटकाचंच पिल्लू. तिचे पुढचे सहा पाय खरे, मागचे मांसल पाय नुसते आधाराचे. पण वांगी-भेंडीच्या पानामागे बारीक जाळी करणारा लाल कोळी आठ पायांचा, विंचवाच्या गोतावळ्यातला. भिंग लावून पाहा. (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, म्हणून मोठा कोळी शोधा.) पुष्कळशी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत. उलट काहींनी त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. त्यावर कोळीनाशक किंवा पाण्यात मिसळणारे गंधक लागते. तेही कडक उन्हात मारू नका, पानं करपतात.

कोवळी रोपं कुरतडणारा, हात लावताच पैशासारखा गोल होणारा वाणी तिसऱ्याच घराण्यातला. त्याच्या अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात.

सगळ्यात फसवा सूत्रकृमी. डोळ्याला दिसत नाही. झाड पिवळं पडतं, आपण खत वाढवतो, झाड काही सुधारत नाही. टोमॅटो किंवा डाळिंबाच्या मुळ्या उकरून गाठी आहेत का ते पाहा. सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी बोटाने चोळल्या की सुटतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच फुगलेला भाग असल्याने सुटत नाही. गांडूळही दिसायला लांबोडकं, पण त्याचा गट वेगळा. त्याच्या अंगावर वळी असतात आणि ते कुजका पालापाचोळा खातं, तुमचं पीक नव्हे.

पाहणीला येणाऱ्या महसूल आणि कृषी खात्याच्या मंडळींनाही एक सांगणं. कागदावर नुसतं ‘कीड’ लिहून सोडू नका. गोगलगाय, कोळी, वाणी असं नाव लिहा. आणि बंधूंनो, ओळख पटत नसेल तर फवारणीआधी नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. सूत्रकृमीचा संशय असेल तर मुळ्या ओल्या मातीसकट पिशवीत बांधून न्या, वाळू देऊ नका.