मित्र, रहस्य आणि मौन

अंगात कोळ्याचा रेनकोट, हातात लोखंडी आकडा आणि पुढे जिवाच्या आकांतानं पळणारी पोरं. ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ २०२५च्या जुलैत नव्या संचात पुन्हा पडद्यावर आला. १९९७च्या चित्रपटातले जेनिफर लव्ह ह्युइट आणि फ्रेडी प्रिंझ ज्युनियर परतल्याचं कौतुक झालं. मला मात्र बोलायचंय ते लोइस डंकन यांच्याबद्दल. हा सगळा पसारा त्यांच्या १९७३च्या कादंबरीवर उभा आहे आणि त्या कादंबरीत आकडा नाहीच.

तिथे आहेत चार मित्रमैत्रिणी: ज्युली, हेलन, बॅरी आणि रे. रात्री गाडीतून परतताना सायकलवरच्या एका लहान मुलाला ते उडवतात आणि निघून जातात. पुढे निनावी फोन करून मदत मागवतात, पण मुलगा वाचत नाही. मग चौघांत मतदान होतं आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरतं. वर्षभरानं ज्युलीच्या हाती एका ओळीचं पत्र पडतं.

पाठलाग करणारा माणूस मुखवटा घालून येत नाही. तो हेलनला एका नावानं भेटतो, ज्युलीला दुसऱ्या. दोघींचा विश्वास कमावतो. तो त्या मुलाचा सावत्र भाऊ, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला. बॅरीला गोळी लागते, पण चौघांपैकी कुणीही मरत नाही. शिक्षा आधीच सुरू झालेली असते. वर्षभरात त्यांची मैत्री विरून गेलेली असते, कारण एकमेकांकडे पाहिलं की तोच रस्ता आठवतो. १९९७च्या चित्रपटानं हे सगळं काढून तिथं प्रेतं ठेवली.

डंकन यांना तो चित्रपट अजिबात रुचला नाही आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं. त्यांच्या रागामागे फार मोठं दुःख होतं. १९८९च्या जुलैत अल्बुकर्कीत त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीला, केटलिनला, गाडी चालवत असताना गोळ्या घातल्या गेल्या. हा कुणा अनोळखी माणसाचा बेछूट गोळीबार, असं पोलिसांचं म्हणणं. आईला ते पटेना. १९९२मध्ये त्यांनी ‘हू किल्ड माय डॉटर?’ लिहिलं आणि शोध सुरूच ठेवला. २०१६मध्ये त्या गेल्या, तेव्हाही प्रकरण उलगडलेलं नव्हतं. पुढे एका माणसानं कबुली दिली आणि २०२२मध्ये त्याच्यावर आरोप ठेवला गेला. ज्या आईनं हे भोगलं, तिला पडद्यावरच्या किंकाळ्यांची करमणूक कशी सोसावी?

त्यांचं खरं देणं पुढच्या लेखिकांनी जपलं. कॅरेन मॅकमॅनस यांच्या ‘वन ऑफ अस इज लाइंग’मध्ये (२०१७) शाळेत शिक्षा म्हणून थांबवलेल्या पाचांपैकी एक मरतो. उरलेल्या चौघांचीही गुपितं तो उघड करणार होता. हॉली जॅक्सन यांच्या ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’मध्ये (२०१९) सॅल सिंग हा भारतीय वंशाचा मुलगा खुनी ठरवला जातो. खुनाच्या रात्री तो आपल्याबरोबर होता, हे त्याच्या मित्रांना पक्कं ठाऊक असतं, तरी ते खोटं बोलतात. कारण पुन्हा तेच: त्यांच्या गाडीनं एकाला उडवलेलं असतं आणि ते त्यांनी लपवलेलं असतं. स्वतःला वाचवताना ते मित्राचा बळी देतात.

पुण्याच्या वाचकाला यात काही परकं वाटू नये. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९७६च्या जानेवारीत पहिला जीव घेतला, तो आपल्याच महाविद्यालयातल्या मुलाचा. त्या खुनात सामील असलेला एक मित्र पुढे माफीचा साक्षीदार झाला, पण तोवर आणखी नऊ जण मारले गेले होते. पहिल्याच खुनानंतर त्या कंपूतल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर ती घरं वाचली असती.

म्हणून ‘असली पुस्तकं मुलांना बिघडवतात’ ही तक्रार मला मान्य नाही. खून कुणी केला, हे कोडं मुलांना पानं उलटायला लावतं, हे खरं. पण वाचताना त्यांच्यापुढे प्रश्न येतो तो अधिक जवळचा: माझा मित्र चुकला, तर मी त्याला पाठीशी घालू की बोलू? सोळाव्या वर्षी मैत्रीहून मोठं काही वाटत नाही, आणि त्याच वयात हा प्रश्न सर्वांत अवघड असतो. घरातली मोठी माणसं तो सहसा विचारत नाहीत. डंकन यांनी तो पन्नास वर्षांपूर्वी विचारला. नवा चित्रपट पाहून आलेल्या मुलाच्या हाती मूळ कादंबरी द्या, स्वतःही वाचा आणि मग एकमेकांना विचारा: त्या रात्रीच्या मतदानात तुझं मत कुणीकडे पडलं असतं?