अंगणातली पतंगांची वही

दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्याकडे प्रेमाचा हुतात्मा ठरला आहे. शेतकऱ्याच्या लेखी मात्र तो अळीचा बाप. या दोन टोकांमध्ये पतंग प्रत्यक्षात काय करतो, हे पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतो.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने प्रेमकथाही निकालात काढली. उडताना वर कुठे, हे कीटक आकाशाच्या उजेडावरून ओळखतात आणि पाठ तिकडे ठेवतात. मध्येच दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते आणि बिचारा घिरट्यांत अडकतो. ही ओढ नव्हे, दिशाभूल आहे.

त्याच दिशाभुलीतून नोंद करता येते. अमावास्येच्या आसपासची रात्र, दोरीवर पांढरी चादर, तिच्यासमोर दिवा आणि हातात वही. श्रीगोंद्यात परसबाग असलेल्या कोणालाही हे जमेल. खरी झुंबड पावसानंतर उडते. चैत्रात गर्दी कमी, म्हणून ओळख करून घ्यायला हाच हंगाम बरा. हरभरा निघालेला असला तरी घाटेअळीचा मातकट पतंग चादरीवर येऊ शकतो. कुंपणाला कण्हेर किंवा तगर असेल, तर हिरव्या नक्षीच्या थोराड पतंगाची आशा धरावी; त्याची अळी याच झाडांवर वाढते.

मोसंबी-डाळिंबाच्या बागाइतदाराला तर ही वही फार उपयोगाची. पावसाळ्यात रात्री फळात सोंड खुपसून रस शोषणाऱ्या पतंगांच्या अळ्या बागेत नव्हे, गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर वाढतात. दिवसा झाडे कितीही धुंडाळली तरी चोर सापडत नाही, तो यामुळेच. शिवाय सगळेच पतंग चोर नसतात. कित्येक जण रात्री फुलांचे परागीभवन करतात, त्यांच्या अळ्यांवर पाखरांची पिल्ले पोसतात. ओळख नसेल तर फवारा दोघांवरही सारखाच पडतो.

एका रात्रीच्या यादीला फारसे मोल नाही. मोल येते ते वर्षांमुळे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात १९३३ साली प्रकाश-सापळ्याने मोजणी सुरू झाली. पुढे देशभर सापळे लागले. त्यांतले कित्येक हौशी माणसांनी सांभाळले. या नोंदी होत्या म्हणूनच तिथल्या मोठ्या पतंगांची संख्या १९६८ ते २०१७ या काळात ३३ टक्क्यांनी घटल्याचे कळले. भारतातल्या पतंगांवरचे हॅम्पसन यांचे चार खंड १८९२ ते १८९६ दरम्यान निघाले. पण आपल्या अंगणात यंदा किती पतंग आले, हे कोणत्याच ग्रंथात सापडणार नाही.

तेव्हा तारीख, वेळ, वारा, चंद्र लिहावा. काहीच आले नाही, तर तेही लिहावे. आणि उजाडण्यापूर्वी दिवा मालवून चादर हलकेच झटकावी. नाहीतर पाहुण्यांचा फराळ साळुंक्या करतील.